घरचा कलह, परक्यांचे डाव

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि गृहकलह चव्हाट्यावर आला. बारभाईंनी दूर सारलेल्या रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह करून मुंबईकर इंग्रजांना साष्टी-वसई देऊ केली. साष्टी तर त्यांनी आधीच बळकावली होती! १७७७ मध्ये फ्रेंचांचा सेंट ल्यूबिन पुण्यास येताच नाना फडणिसांनी त्याचा थाटात सत्कार केला. त्याच्या हाती फारसे काही नाही, हे नाना ओळखून असावेत; इंग्रजांची धास्ती हेच त्यांचे भांडवल. मुंबईकरांनी मात्र त्याच धास्तीचे निमित्त करून रघुनाथरावांस पुन्हा पुढे केले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावी त्यांची नामुष्की झाली. तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहात रघुनाथरावांच्या वाट्यास नेमणूक आली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.