हुबळीचा लॅमिंग्टन रोड आणि नागरिकांचा अर्ज

लॅमिंग्टन रोड म्हटलं की बहुतेक मराठी मंडळींना मुंबईतला रस्ता आठवतो, ग्रँट रोड स्टेशनाजवळचा. आमच्या हुबळीतही एक लॅमिंग्टन रोड आहे. दोन्ही नावं एकाच माणसाची. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पुढे १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत हेच लॅमिंग्टन होते.

मुंबईचा रस्ता पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला. आमच्या रस्त्यालाही सर सिद्धप्पा कंबळी यांचं नाव मिळालं. कंबळी हुबळीचेच, १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. म्हणजे गव्हर्नर गेला आणि गावचा माणूस आला. रिक्षावाल्याला मात्र अजून जुनंच नाव सांगावं लागतं, आणि गव्हर्नरचं नाव लॅमिंग्टन शाळेनेही जपलं आहे.

रस्ता फार लांब नाही. पण चन्नम्मा सर्कल, इंदिरा ग्लास हाऊसची बाग, शाळा, दुकानं, सगळं हाकेच्या अंतरावर. जवळच देशपांडे नगर, जिथे गंगूबाई हनगल राहत. कानडी, मराठी, उर्दू, कोंकणी इथे एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. आणि याच रस्त्यावर हुबळी-धारवाड महानगरपालिकेची कचेरी आहे. मला आज सांगायचं आहे ते या कचेरीबद्दल.

आपण समजतो की म्युनिसिपालटी ही सरकारने वरून दिलेली गोष्ट. इतिहास थोडा वेगळा आहे. १८५० च्या २६ व्या कायद्यात अशी तरतूद होती की गावच्या रहिवाशांची इच्छा दिसली, तरच तिथे नगरपालिका स्थापावी. हुबळीची नगरपालिका १८५५ ची, धारवाडची १८५६ ची. त्या काळी सभासद सरकारच नेमत असे आणि कलेक्टरचा शब्द मोठा असे, हे खरं. पण कायद्याच्या मुळाशी रहिवाशांचं मागणं होतं. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडणुकीचा हक्क हळूहळू रुंदावला. १९६२ मध्ये दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली.

आता आजचं बघा. २०१९ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, ८२ प्रभागांसाठी. मधल्या काळात कारभार अधिकाऱ्यांच्या हाती. मतदानाला निम्म्याहून थोडेच जास्त लोक आले. कर्नाटकच्या कायद्यात प्रभाग समितीची सोय आहे: अध्यक्ष नगरसेवक, सोबत नेमलेले सदस्य, त्यांत महिलांना आणि रहिवासी संघांच्या प्रतिनिधींनाही जागा.

मी स्वतःला यातून वगळत नाही. मी मत दिलं, पण माझ्या प्रभागाच्या समितीत कोण आहे हे मी कधी विचारलं नाही. गटार तुंबलं की घरात बसून चिडलो, फार तर शेजाऱ्याजवळ कुरकुर केली. जुने कागद चाळताना हुरूप येतो, तोच हुरूप कचेरीची पायरी चढताना कुठे जातो, कोण जाणे!

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना माझी एक साधी विनंती आहे. आपापला प्रभाग क्रमांक माहीत करून घ्या. समिती आहे का, बैठक कधी असते, ते लेखी विचारा. कानडी लिहिता येत नसेल तर शेजारच्याकडून लिहून घ्या, त्या निमित्ताने ओळखही होईल. मिळालेलं उत्तर फाईलला लावून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणी या रस्त्याचा इतिहास लिहायला बसला, तर पाटीवरच्या नावांबरोबर इथल्या रहिवाशांचे अर्जही त्याच्या हाती लागावेत. पहिला अर्ज मी या आठवड्यात देतो आहे.