विद्यापीठाचे ऋण

मनुष्य जन्मतःच काही ऋणे घेऊन येतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले. त्यांपैकी ऋषिऋण हे अध्ययन-अध्यापनानेच फिटते. मुंबई विद्यापीठाच्या आरंभकाळाकडे दृष्टी टाकली असता हे ऋण ओळखणारी काही थोर माणसे आढळतात. त्यांचे स्मरण आपल्या कुटुंबांतील पदवीधरांस उपयोगी पडेल, अशा हेतूने हा अल्प लेख लिहीत आहे.

१८ जुलै १८५७ रोजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्यास स्वतःची वास्तूही नव्हती. ती उणीव दात्यांनी भरून काढली. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले. १८६५ मध्ये कापसाचा व शेअरांचा बाजार कोसळून शेठजींचे वैभव लयास गेले. परंतु दान वाया गेले नाही. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. ज्यांना विद्यापीठाची पदवी नव्हती त्यांनी एवढे दिले; मग ज्यांना विद्यापीठाने घडविले त्यांनी काय दिले?

१८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे होते. या तरुणांपाशी लक्षावधी रुपये नव्हते. भांडारकरांनी संस्कृतच्या अध्यापनात आयुष्य वेचले. १८९३ मध्ये ते ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी त्याचेच कुलगुरू झाले. त्यांच्या आधी त्या पदावर बसलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले भारतीय कुलगुरू. तेही याच विद्यापीठाचे पदवीधर. पुढे १९१७ मध्ये पुण्यास भांडारकरांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले, तेव्हा त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्यास अर्पण केला.

रानड्यांची सेवा निराळ्या प्रकारची होती. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या, ही गोष्ट त्यांच्या मनास सलत होती. ज्या संस्थेने आपणांस पदवी व प्रतिष्ठा दिली तिच्याविरुद्ध कसे बोलावे, असा संकोच त्यांनी केला नाही. रागावून ते दूरही झाले नाहीत. विद्यापीठाच्या सभांत बसून, वर्षानुवर्षे चिकाटीने, त्यांनी मराठीचा पक्ष मांडला. मराठीत अभ्यासण्याजोगे वाङ्मय आहे काय, या आक्षेपास उत्तर म्हणून त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीची साधार नोंद केली. १९०१ च्या जानेवारीत ते निवर्तले. आयुष्याच्या अगदी अखेरीस त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांचा प्रवेश झाला. त्यांच्या स्वतःच्या शिक्षणास या सुधारणेचा काडीमात्र उपयोग नव्हता. लाभ झाला तो पुढच्या पिढ्यांना.

मातृसंस्थेवरील निष्ठा म्हणजे तिचे पोवाडे गाणे नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. तिचे दोष परक्याप्रमाणे चव्हाट्यावर न मांडता, घरच्या माणसाप्रमाणे आत राहून दूर करणे, हीही गुरुदक्षिणाच होय. ज्यास ऐपत आहे त्याने धन द्यावे. ज्यास ती नाही त्याने एखाद्या होतकरू विद्यार्थ्यास आठवड्यातून दोन घटका शिकवावे, आपली जुनी पुस्तके त्याच्या हाती द्यावीत. पदवीदानाचा झगा एका दिवसासाठी अंगावर चढतो आणि उतरतो. पदवीचे कागद मात्र आपल्या घरोघरी जपून ठेवलेले असतात. ते पुन्हा हाती घ्याल तेव्हा, बंधुभगिनींनो, त्यामागील देण्याचीही आठवण व्हावी, एवढीच विनंती.