मंडळाचे नाव आणि शाळेची चूल

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा "मी चूल सांभाळणारी बाई, मला लिहिणे कुठले जमते?" असे म्हणून मी मोकळी होऊ पाहत होते. त्यावर त्या म्हणाल्या, "मग चुलीचाच इतिहास लिहा." तेव्हा माझा नाइलाज झाला. घरच्या चुलीविषयी तुम्हांला मी काय सांगावे? परंतु आपल्या गावच्या शाळेत व अंगणवाडीत जी सार्वजनिक चूल पेटते, तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे. आणि त्यात एक गोष्ट माझ्या कबुलीजबाबाचीही आहे.

पुष्कळ जणींना वाटते की, सरकारने पैसा द्यावा, गावच्या बायांनी अन्न शिजवावे आणि ते शाळेतल्या लेकरांच्या ताटात पडावे, ही कालपरवाची योजना आहे. तसे नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून खेड्याखेड्यांत महिला मंडळे उभारण्याचा प्रयत्न शासनाने चालविला. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, श्रीमती दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व सेवाभावी संस्थांना सरकारी अनुदान मिळू लागले. १९६३ च्या सुमारास युनिसेफसारख्या जागतिक संस्थांच्या साहाय्याने उपयोजित पोषण कार्यक्रम अनेक राज्यांत पसरला. त्याची कल्पना मोठी साधी होती. गावाने परसबागा लावाव्या, कोंबड्या पाळाव्या, तळ्यात मासे सोडावे, आणि त्यातला वाटा महिला मंडळाच्या हस्ते बालवाडीतल्या मुलांच्या व गरोदर मातांच्या मुखी पडावा. म्हणजे पिकविणारे गाव, शिजविणारे गाव आणि जेवणारेही गावच!

पुढे १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष उजाडले. त्या वर्षी महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपले 'माविम', स्थापन झाले. २ ऑक्टोबरला देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू होऊन अंगणवाडीचा जन्म झाला. त्याच वर्षी मुंबईत श्रीमती प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. गिरणी कामगारांना खानावळीचे जेवण घालणाऱ्या बाया सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. त्यांना एकत्र करून प्रेमाताईंनी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेला तारण म्हणून देण्यास त्या बायांपाशी काय होते? एकमेकींची हमी आणि हाताची चव, एवढेच. सार्वजनिक पैसा योग्य हाती पडला म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे.

आता आपल्या शाळेकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने शालेय पोषण आहाराची योजना सुरू केली. परंतु आरंभी आपल्याकडे शिजलेले अन्न मिळत नसे. हजेरी पाहून मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. ते घरी जात आणि घरातल्या सगळ्यांत वाटले जात. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, शाळेत शिजवलेले गरम जेवणच द्यावयाचे. मग ते शिजविणार कोण, हा प्रश्न आला आणि गावोगावचे बचत गट पुढे झाले. अंगणवाडीच्या बाबतीत तर ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, पोषण आहारासाठी कंत्राटदार नेमू नयेत; धान्य घेणे व अन्न शिजविणे यांसाठी शक्यतो ग्रामसमाज, बचत गट आणि महिला मंडळे यांनाच पुढे करावे. भगिनींनो, देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने महिला मंडळाचे नाव घेतले! हे वाचून दाखविले गेले, त्या दिवशी मला आपल्या मंडळाच्या पाटीकडे पुन्हा एकदा मान वर करून पाहावेसे वाटले.

त्याच उमेदीने आमच्या गटाने शाळेचे काम घेतले. पहिल्या दिवशी केवढी धांदल! घरी सहा माणसांचा अंदाज असलेल्या बाया आम्ही. साठ मुलांचा भात गंजाच्या बुडाशी लागला आणि वरून कच्चा राहिला. पण शिकलो. बाजारात दर विचारणे, हिशेबाची वही ठेवणे, मुख्याध्यापकांशी मान खाली न घालता बोलणे, हे सारे त्या चुलीने शिकविले. ज्या सासूबाई "परक्यांच्या लेकरांसाठी कशाला राबता?" म्हणत, त्याच पुढे आपल्या मांडवावरचा भोपळा शाळेत पाठवू लागल्या.

आता कबुलीची गोष्ट. बिलाचे पैसे चार-चार महिने येत नसत. किराणा उधारीवर, सरपण उधारीवर; एकीने तर कानातले गहाण ठेवले. अशा वेळी एक व्यापारी आला. म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? माल मी पोचवतो, शिजवायला माणसे मी लावतो. तुम्ही फक्त सही करा, महिन्याला तुमचा वाटा घरपोच." आम्ही थकलेल्या होतो. सही केली. ती पहिली सही माझी होती.

एक सत्र असे गेले. वही आमच्या नावाची, पण डाळ कोणती आली, किती आली, आम्ही पाहिलेच नाही. एके दिवशी शेजारची मुलगी शाळेतून आली आणि मला म्हणाली, "काकी, आता तुमच्या वरणात खडे का असतात?" 'तुमच्या' म्हणाली ती! वरण माझे नव्हते, पण नाव माझे होते. त्या रात्री मला घास गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही साऱ्याजणी बसलो, व्यापाऱ्याला नकार कळविला आणि उधारीसह चूल पुन्हा हाती घेतली.

जे आमच्या लहान गावात घडले, तेच मोठ्या प्रमाणावर राज्यात घडत होते, हे पुढे कळले. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या यंत्रणेने २०१२ साली अहवाल दिला की, महाराष्ट्रात अंगणवाडीच्या आहाराचे काम महिला संस्थांच्या नावावर असले, तरी त्यामागे खासगी कंपन्या उभ्या आहेत. त्यानंतर २०१६ साली निघालेल्या निविदेविरुद्ध वैष्णोराणी महिला बचत गट सर्वोच्च न्यायालयात गेला. निविदेच्या अटी अशा होत्या की खऱ्या गटांना दारही दिसू नये. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने ती कंत्राटे रद्द ठरविली व काम गावपातळीच्या गटांपर्यंत पोचेल अशी नवी निविदा काढण्यास सांगितले. नाव बायांचे आणि धंदा दुसऱ्याचा, हा डाव असा उघडा पडला.

यावर कोणी म्हणेल की, लहान गटांना एवढे काम झेपणार कसे? केरळकडे पाहा. १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्री चळवळीतील बायांची लहान लहान केंद्रे तेथील अंगणवाड्यांना 'अमृतम्' नावाचे पोषक पीठ तयार करून पुरवितात. दूर ब्राझील देशात तर २००९ साली कायदाच झाला की, शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या रकमेतील किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च झाली पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला हे परके वाटू नये. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा गोंदिया जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. आपले धान हमीभावाने खरेदी होते, मिलमध्ये भरडले जाते, क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ शासनाकडे जमा होतो आणि शाळेला तांदूळ शेवटी शासकीय गोदामातूनच येतो. ती वाट लांबची असली तरी चालू आहे. पण भाजी आणि डाळ यांचे काय? २००९ च्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल लागते. साठ मुले आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले, तर बारा क्विंटल तांदूळ, दोन क्विंटल चाळीस किलो डाळ आणि सहा क्विंटल भाजी झाली. बांधीच्या धुऱ्यावर आपण तूर लावतोच. परसात वाल, शेवगा, भोपळा होतोच. सहा क्विंटल भाजी एका गावाला जड नाही. २०१५ पासून देवरीकडील आदिवासी गावांत अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले, तेव्हा मागणी आणखीच वाढली. ही मागणी सरकारच्या पैशाने आपल्या दाराशी आलेली आहे. ती आपल्याच वाडीतून पुरवायची की बाहेरच्या पोत्यातून, एवढाच प्रश्न आहे.

सरकारने वेळेवर पैसे द्यावेत, हे आपण मागितलेच पाहिजे. चार महिन्यांची उधारी भल्याभल्यांना सही करावयास लावते, हे मी स्वतः अनुभवले आहे. आगाऊ रक्कम, धान्य साठविण्यास कोरडी खोली आणि शिजविणारीला पोटापुरते मानधन, ही भीक नव्हे. केंद्राने २००९ साली स्वयंपाकी बाईला महिना १००० रुपये ठरविले. एवढ्यावर कोणाचे घर चालते?

परंतु मागताना आपली वही स्वच्छ असली पाहिजे. म्हणून या वर्धापनदिनी माझ्या दोन सूचना आहेत. ज्या कामावर मंडळाचे नाव असेल, त्या कामात मंडळाचे हात असावेत. नुसती सही कोणालाही देऊ नये. आणि दर महिन्याला खरेदीचा हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे लेकरांच्या आईबापांना तो वाचता येईल.

ती शेजारची मुलगी आता मोठी झाली, तिचे लेकरू याच शाळेत जाते. परवा ते मला म्हणाले, "आजी, आज वरण छान होते." भगिनींनो, मंडळाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मला तरी ठाऊक नाही.