निवडणूक शिक्षण, शालेय

माध्यमिक विद्यार्थ्यांना मतदान व उमेदवारीची रीत शिकवण्याचा उपक्रम. भारत निवडणूक आयोगाने 2018 मध्ये नववी ते बारावीसाठी मतदार साक्षरता मंडळांची योजना सुरू केली. तिचा भर मतदार नोंदणीवर आहे. उमेदवारीला शाळेत अधिक वेळ मिळायला हवा.

भंडारा जिल्ह्यातील करडी (ता. मोहाडी) येथील विद्यार्थ्याला आधी स्तर ओळखावे लागतात : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि तुमसर विधानसभा मतदारसंघ. पहिल्या तिन्हींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण असतात. मताधिकार 18 व्या वर्षी मिळतो. उमेदवारीसाठी स्थानिक संस्थेत 21, विधानसभेत 25 वर्षे पूर्ण लागतात. विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अर्ज, छाननी, माघार व चिन्हवाटप हा क्रम वर्गात अर्ज भरूनच नीट समजतो.

जागांचे आरक्षण व मतदानाचे वेळापत्रक कसे बदलू शकते, याचे जिल्ह्यातील उत्तम उदाहरण 2021–22 चे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर भंडारा जिल्हा परिषदेच्या इतर मागासवर्गीय राखीव जागा सर्वसाधारण झाल्या. त्यांचे मतदान 18 जानेवारी 2022 रोजी, उर्वरित जागांचे 21 डिसेंबर 2021 रोजी झाले. मतमोजणी मात्र एकत्रच झाली.