आडवा कीबोर्ड आणि मराठी बोटं

तुळजापूर असो, उमरगा असो की कळंब, तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. ‘मराठी ३०’ची सरकारी परीक्षा पास झालं की नोकरीच्या अर्जाला एक सर्टिफिकेट जास्तीचं. अशी तयार झालेली बोटं पुढे आडव्या उघडणाऱ्या फोनवर मात्र अडाणी ठरली. कळा भरपूर, पण मराठी एकही नाही.

या फोनचं मूळ १९९६च्या नोकिया ९००० कम्युनिकेटरमध्ये. चष्म्याच्या घरासारखा उघडायचा, वजन ३९७ ग्रॅम. शर्टाच्या खिशाचं काम नव्हे. २००२च्या साइडकिकमध्ये पडदाच गर्रकन फिरून खालचा कीबोर्ड दिसायचा. पुढे सरकते फोन आले. २००८चा जी-वन हा पहिला अँड्रॉइड फोन. त्याला कळांच्या पाच ओळी होत्या, आणि गंमत म्हणजे पडद्यावर कीबोर्डच नव्हता! ‘ओके’ एवढंच लिहायचं तरी पडदा सरकवा. नोकियाने २००९ मध्ये एन-९७ आणि एन-९०० काढले. दोन्हींत तीनच ओळी, स्पेसबार उजवीकडे ढकललेला. मला विचाराल तर जी-वन टायपिंगला सरस, दिसायला मात्र एन-९७.

मराठीच्या दृष्टीने तीन ओळींची अडचण आणखी मोठी. १९८६च्या इन्स्क्रिप्ट मांडणीत च, ट आणि ड ही अक्षरं इंग्रजीच्या २६ कळांत नाहीत, शेजारच्या विरामचिन्हांच्या कळांवर आहेत. तीन ओळींच्या फोनवर या तिघांना जागा कुठून आणायची? म्हणजे ‘चटणी’ लिहितानाच गाडी अडली. उलट त्याच काळातल्या नोकियाच्या काही स्वस्त फोनांत आकड्यांच्या कळांवर देवनागरी छापलेली असे. महागड्या फोनला जे सुचलं नाही, ते बाजारहाटाच्या फोनला सुचलं, कारण तो कुणाला विकायचा हे कंपनीला नेमकं ठाऊक होतं.

सरकत्या फोनांचा शेवटही लवकर झाला. दोन भागांना जोडणारी फ्लेक्सची पट्टी रोज दुमडून दुमडून तुटायची, फटीत धूळ जायची. पण खरा घाव घरातूनच बसला. एप्रिल २००९ मध्ये अँड्रॉइड १.५ने पडद्यावरच कीबोर्ड दिला. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.०सोबत देवनागरी फॉन्ट आला आणि कळांवर काय छापलंय हा प्रश्नच मिटला. २०१९ मध्ये एफ-एक्स-टेक प्रो-वनने सरकता कीबोर्ड पुन्हा आणून पाहिला, पण तो हौशी लोकांपुरताच राहिला.

आता पडद्यावर हवी ती मांडणी घेता येते. तरी आज धाराशिवच्या बसस्थानकावर कुणाच्याही खांद्यावरून डोकावलं, तर बोटं एम-ए-एल-ए दाबून ‘मला’ उमटवताना दिसतात. प्लास्टिकच्या कळा गेल्या, इंग्रजीची क्वर्टी राहिली. आणि ‘मराठी ३०’ पास झालेलेही आता तिच्यावरच मराठी लिहितात.