पॉवेल, डॉन

पॉवेल, डॉन : (१० सप्टेंबर १९४६ – ). ब्रिटिश ड्रमवादक आणि ‘स्लेड’ या ग्लॅम रॉक संचाचे संस्थापक सदस्य. पूर्ण नाव डॉनल्ड जॉर्ज पॉवेल. जन्म इंग्लंडमधील बिल्स्टन येथे. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांमुळे हा सारा मुलूख ‘ब्लॅक कंट्री’ म्हणून ओळखला जातो. लहानपणी बालवीर पथकात त्यांना ड्रमची गोडी लागली. धातुशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी एका फाउंड्रीत नोकरी धरली. पण लवकरच ती सोडून ते पूर्णवेळ वादनाकडे वळले.

गिटारवादक डेव्ह हिल यांच्यासह ते ‘द व्हेंडर्स’ या संचात होते. त्यातूनच पुढे ‘द एन बिट्वीन्स’ हा संच उभा राहिला. १९६६ मध्ये गायक नॉडी होल्डर आणि बासवादक जिम ली त्यात आले आणि चौकडी पुरी झाली. १९६९ मध्ये या संचाने ‘अ‍ॅम्ब्रोज स्लेड’ हे नाव घेतले व नंतर नुसते ‘स्लेड’ हेच कायम केले. जिमी हेंड्रिक्सला पुढे आणणारे चॅस चँडलर त्यांचे व्यवस्थापक झाले.

चकचकीत पोशाख, उंच टाचांचे बूट आणि सभागृहाला पाय आपटायला लावणारा ठेका ही १९७० नंतरच्या ब्रिटिश ग्लॅम रॉकची ओळख. स्लेडच्या बाबतीत या ठेक्याचा कणा पॉवेल होते. ‘कॉज आय लव्ह यू’ (१९७१) या गाण्यात ड्रमच्या जोडीला बुटांचे आपटणे आणि टाळ्या आहेत; लीच्या व्हायोलिनखालून ती धडक शेवटपर्यंत एकसारखी चालते. हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९७१ ते १९७३ या काळात संचाची सहा गाणी या स्थानी पोहोचली. त्यांपैकी ‘कम ऑन फील द नॉइझ’ (१९७३) प्रकाशित होताच थेट पहिले आले. तोंडात च्युइंगगम चघळत, चेहरा शांत ठेवून वाजवणारे पॉवेल, अशीच त्यांची छबी रसिकांच्या लक्षात राहिली.

४ जुलै १९७३ रोजी वुल्व्हरहॅम्प्टन येथे त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. सोबतच्या मैत्रिणीचा त्यात मृत्यू झाला. पॉवेल यांची कवटी फुटली, हाडे मोडली आणि काही दिवस ते बेशुद्ध होते. जीव वाचला, पण वास आणि चव गेली, नुकत्याच घडलेल्या गोष्टींची आठवण टिकेनाशी झाली. ठरलेले कार्यक्रम निभावण्यासाठी जिम लीचे भाऊ फ्रँक ड्रमवर बसले. पॉवेल काठीच्या आधाराने परतले, तेव्हा त्यांना धरून ड्रमसेटमागे बसवावे लागे. कोणते गाणे कसे सुरू होते हे सोबती त्यांना आठवून देत. एकदा सुरुवात मिळाली की हात आपले काम ओळखत. अपघाताच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले ‘मेरी ख्रिसमस एव्हरीबडी’ डिसेंबरात पहिल्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमध्ये ते आजही दर नाताळात वाजते.

स्मृतीला आधार म्हणून पॉवेल यांनी रोजनिशी लिहायला घेतली. डॅनिश लेखिका लिसे लिंग फाल्केनबर्ग यांनी त्यांच्या साहाय्याने लिहिलेल्या ‘लुक वॉट आय डन’ (२०१३) या चरित्राला या वह्यांचा आधार आहे.

‘स्लेड इन फ्लेम’ (१९७५) या चित्रपटात चौघांनी भूमिका केल्या. त्यानंतर ओसरलेली लोकप्रियता १९८० च्या रेडिंग महोत्सवातील कार्यक्रमाने परत आली. ‘माय ओ माय’ (१९८३) ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. होल्डर आणि ली बाहेर पडल्यावर पॉवेल व हिल यांनी १९९२ पासून नव्या साथीदारांसह संच चालू ठेवला. २०१७ मध्ये सुझी क्वाट्रो आणि अँडी स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी ‘क्यूएसपी’ हा अल्बम केला. २०२० मध्ये ते स्लेडमधून बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेल्या पॉवेल यांनी त्यानंतरही वादन सोडले नाही.

पॉवेल यांच्या वादनात करामतींची गर्दी नाही. हजारो श्रोत्यांना एका पावलावर आणणारा सरळ, भक्कम ठेका ही त्यांची देणगी. आणि स्मृती हरवल्यावरही तो त्यांनी जिद्दीने धरून ठेवला.