अ‍ॅटनबरो : एक आडनाव, किती मूळ पुरुष?

मंडळी, आज आपण एकच आडनाव घेणार आहोत : अ‍ॅटनबरो. आपल्याला ते ठाऊक आहे १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटामुळे, म्हणजे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरोंमुळे. इंग्लंडात मात्र ते दुर्मीळच.

नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे. आडनाव बहुधा तिथलंच. गाव सोडून गेलेल्या माणसाला नव्या ठिकाणी जुन्या गावावरून ओळखायचे, आणि पुढे ती ओळख मुलानातवंडांनाही चिकटायची. आपल्या ‘कर’ आडनावांसारखंच. रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक जन्मले स्टेपलफर्डला, म्हणजे या गावापासून काही मैलांवरच. इतक्या शतकांनंतरही आडनाव गावाच्या आसपासच राहिलं होतं.

आता प्रश्न असा, की सगळे अ‍ॅटनबरो एकाच पुरुषाचे वंशज का? एका गावातून अनेक घरं बाहेर पडू शकतात; सगळे चिपळूणकर काही एका घराण्याचे नसतात. आणि इंग्लंडातल्या चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी सुरू होतात १५३८ पासून. बहुतेक आडनावं त्याआधीच रूढ झालेली.

कागद संपतात तिथे शरीरातला पुरावा कामी येतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आणि इंग्लंडात आडनावही तसंच जातं. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी केली. निष्कर्ष २००९ मध्ये आले. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी, त्यामुळे दोन स्मिथांमध्ये खास नातं दिसेना. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र दहापैकी जवळजवळ नऊ जण एकाच पितृवंशातले निघाले.

म्हणजे मूळ पुरुष एकच? थांबा, इथेच घाई होते. सुरुवातीला चार-पाच घरं असतील, आणि बाकीच्यांत एखाद्या पिढीत मुलगाच झाला नसेल, किंवा साथीत घर गेलं असेल. आज दिसतो तो टिकलेला वंश. तो पहिला होता, की एकटाच उरला, हे गुणसूत्र सांगत नाही. आणि उरलेले थोडे? कुणी दत्तक आलेला, कुणी आईचं आडनाव लावलेला. तेही तितकेच अ‍ॅटनबरो.

याच संशोधकांचं २००७ मधलं एक काम इथे आठवावं. यॉर्कशरमधलं असंच एक दुर्मीळ आडनाव त्यांनी घेतलं. ते लावणाऱ्या १८ पुरुषांपैकी ७ जणांचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या प्रकारचं निघालं. त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकातल्या यॉर्कशरपर्यंत जात होत्या, आणि आफ्रिकेचा उल्लेख कुठेच नव्हता.

तेव्हा आडनाव आपल्याला गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडतं. वेशीतून आधी कोण कोण आत आलं होतं, ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं. आडनावावरून कुणी अस्सलपणाचा हिशोब मांडायला लागलं, तर एवढं लक्षात असू द्यावं.